दप्तर, बाक आणि भिंत : मुलांच्या हातांनी वर्गाची घडी बसवणारे चित्रकलेचे प्रकल्प

मुंबईतल्या कितीतरी शाळांमध्ये एकच खोली दिवसाला दोन वर्ग वापरतात. सकाळचं अधिवेशन सुटतं, झाडू फिरतो आणि दुपारची मुलं त्याच बाकांवर येऊन बसतात. परदेशी वर्गांच्या फोटोंत दिसणारे नावाचे कप्पे, प्रत्येकाचा वेगळा ड्रॉवर, कोपऱ्यातली गादी हे सगळं बघायला छान असलं तरी आपल्या खोलीत मावत नाही. आपल्या मुलाची मालकी असते ती दप्तरावर, पाच तासांपुरती अर्ध्या बाकावर आणि वर्गशिक्षिकेने मनावर घेतलं तर भिंतीच्या एका तुकड्यावर. खालचे प्रकल्प या तीन जागा धरूनच आखले आहेत. तिसरी ते सातवीच्या वर्गांत ते चालतात.

मी चित्रकला शिकवते, म्हणून एक अट आधीच घालून टाकते. ज्या चित्राकडे बघून मुलाला वस्तू सापडत नाही किंवा वेळ कळत नाही, ते चित्र इथे नको. ते कितीही गोड असो, त्याची जागा प्रदर्शनात.

आधी काय हरवतं ते बघा

शाळा जूनच्या मध्यावर सुरू होते. पहिल्या आठवड्यात काहीही बनवायला घेऊ नका. वर्गशिक्षिकेशी बोला आणि एका कागदावर नोंद ठेवा : कुठली वही घरी राहते, सही करून आणायची सूचना कुठे गडप होते, खोडरबर कोण कोणाकडे मागतं, प्रकल्पाची तारीख कोणाला आदल्या रात्री आठवते. प्रत्येक वर्गाचा घोळ वेगळा असतो. काही वर्गांत वह्या व्यवस्थित असतात पण सुटे कागद टिकत नाहीत, काहींत नेमकं उलटं.

दुसऱ्या आठवड्यात एक तास ‘दप्तराचं आतलं चित्र’ घ्या. दप्तर काचेचं असतं तर बाहेरून काय दिसलं असतं ते काढायचं. आधी दप्तर न उघडता, आठवून. मग उघडून बघायचं आणि राहिलेल्या वस्तू दुसऱ्या रंगाने भरायच्या. त्या दुसऱ्या रंगातच सगळी मजा असते : मागच्या वर्षीची स्वाध्यायपुस्तिका, चिंचेचे चिंचोके, तीन शार्पनर, गेल्या घटक चाचणीची घामेजलेली उत्तरपत्रिका. दप्तर मुलाने स्वतःच उघडायचं, आपण हात घालायचा नाही आणि निघालेल्या वस्तूंवरून वर्गासमोर कोणाची थट्टा होऊ द्यायची नाही. घरची ओढाताण दप्तरात दिसते, ती चव्हाट्यावर येऊ नये.

भंगारवाल्याकडे असतो तसला हुकाचा काटा मिळाला तर दप्तरं तोलूनही घ्या. २०२०च्या राष्ट्रीय दप्तर धोरणानुसार दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत असावं. तीस किलोच्या मुलाला तीन किलो. मुलं हा हिशोब स्वतः करतात आणि नको त्या वस्तू न सांगता बाहेर काढतात.

ठशांची कव्हरं

वह्यांना खाकी कव्हर घालणं ही जुनीच रीत आहे. अडचण अशी की घातल्यावर सगळ्या वह्या सारख्याच दिसतात, नावाची चिठ्ठी पुढच्या पानावर असते आणि दप्तरात वही उभी असल्यामुळे ती दिसतच नाही. दिसतो तो वहीचा कणा. म्हणून खूण कण्यावर आली पाहिजे.

खूण हाताने काढण्यापेक्षा ठशाने उठवा. सात-आठ वह्यांवर तेच चित्र काढताना मूल कंटाळतं आणि आठव्या वहीवर चित्राचं भलतंच काही होतं. ठसा बदलत नाही. शिवाय अख्ख्या वर्गाचा एका विषयाचा ठसा एकच असला, की बाईंनी ‘भेंडीची वही काढा’ म्हटल्यावर सगळ्यांचा हात एकाच वहीकडे जातो.

ठशांसाठी लागणाऱ्या वस्तू बाजाराच्या पिशवीतच मिळतात. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल उठतं. कोवळी भेंडी दाबली की चेपते, म्हणून भाजीवाल्याने बाजूला टाकलेली जून भेंडी मागून आणा. अर्ध्या कांद्याची वर्तुळं येतात, कारल्याची कातरलेली कड येते. पन्हाळी पुठ्ठ्याची पट्टी गुंडाळून दोऱ्याने बांधली की सूर्यासारखी नक्षी मिळते. बाटलीचं झाकण आणि षटकोनी पेन्सिलीचं मागचं टोक तर वर्गातच असतं. कोणत्या विषयाला कोणता ठसा, यावर वर्गात मतदान घ्या. गणिताला कारलं मिळतं, हे आधीच सांगून ठेवते. मनाला लावून घेऊ नका.

भाज्या घरूनच कापून न्या, वर्गात सुरी नको. बटाटा आणि कारल्याला पाणी सुटतं, म्हणून ठसा उठवण्यापूर्वी कापलेली बाजू कोरड्या फडक्याने टिपा. जुन्या ताटलीत चार पदरी ओलं फडकं ठेवून त्यावर रंग पसरा, म्हणजे शाईच्या पॅडसारखं काम होतं; रंगात थेट बुडवलेला ठसा ओघळतो. साधा पोस्टर कलर पावसाळी हवेत बोटांना लागत राहतो. त्यात थोडं फेविकॉल मिसळलं की बराच धरून राहतो. ॲक्रिलिक असेल तर प्रश्नच नाही. खाकीवर पांढरा, लाल, गडद निळा उठून दिसतात. पिवळा मरतो, त्यात पांढरा घाला.

आता कव्हर. खाकी कागद वहीला गुंडाळून दुमडी पाडा, मग उलगडून सपाट करा. दोन दुमडींच्या मधली अरुंद पट्टी म्हणजे कणा. पातळ वहीचा कणा जेमतेम अर्धा सेंटिमीटर असतो, त्यावर ठसा मावणार नाही. म्हणून कण्याच्या वरच्या टोकाला तीन बोटं उंचीचा रंगीत घोटीव कागद दोन्ही बाजूंना वळवून चिकटवा आणि ठसा त्या कागदावर असा उठवा, की अर्धा पुढे जाईल आणि अर्धा मागे. दप्तर वरून उघडलं की हीच पट्टी डोळ्यांत भरते. रंग आणि आकार दोन्ही हवेत. लाल-हिरव्यात गोंधळ होणारी मुलं, त्यातही मुलगे, वर्गात असू शकतात आणि बहुतेकांचं ते कोणाच्या लक्षातही आलेलं नसतं. आकार असला की अडत नाही.

उरलेल्या रंगात त्याच ठशांचं वेळापत्रक करा. मोठं भिंतीवर लावाच, पण खरं कामाचं ते छोटं : कंपासपेटीच्या झाकणाच्या मापाची पट्टी, तिच्यावर सहा वार आणि प्रत्येक वारापुढे त्या दिवसाच्या विषयांच्या खुणा. या मापाला भेंडी मोठी पडते, तिथे खुणा बारीक पेनाने काढायच्या. पट्टी झाकणाच्या आत चिकटवा. रात्री दप्तर भरताना मूल कंपासपेटी उघडतं आणि खुणा जुळवतं. ज्या घरात आई-वडील उशिरा येतात किंवा त्यांना वाचता येत नाही, तिथे ही पट्टी फार उपयोगी पडते. लहान भावंडंही दप्तर भरायला मदत करतात.

सगळं मिळून चित्रकलेच्या दोन जोडतासिका धरा.

गुंडाळायचा खिसेपट

सुटे कागद हा खरा वैरी. सूचना, सरावाचे कागद, तपासून दिलेल्या उत्तरपत्रिका. यांना घर हवं आणि ते घर दुपारच्या अधिवेशनाच्या आधी गुंडाळून कपाटात जायला हवं. कागदाचा तक्ता मुंबईच्या पावसाळ्यात टिकत नाही. दुतर्फी टेप भिंतीवरून सुटतो, कागद लोंबतो, खळीवर बुरशी धरते आणि कसर लागते. म्हणून कापडाचा पट, त्यावर प्रत्येक मुलाचा एक खिसा.

एका पलंगाची जुनी सुती चादर घ्या, साधारण १५० बाय २२५ सेंटिमीटरची. तिच्यात चाळीस खिसे बसतात. आधी धुऊन घ्या, खळ निघाली की रंग नीट धरतो. मग लांबीतून प्रत्येकी १७ सेंटिमीटर रुंदीच्या पाच पट्ट्या कापा. त्यात ८५ सेंटिमीटर गेले, उरलेले १४० म्हणजे पाठ, पट्ट्यांच्या मागचं कापड. प्रत्येक पट्टीची लांबी चादरीची पूर्ण रुंदी, १५० सेंटिमीटर. दोन्ही टोकांना ३ सेंटिमीटर सोडून मध्ये दर १८ सेंटिमीटरवर खडूने रेघ मारली की आठ घरं होतात. पट्टीच्या वरच्या आणि खालच्या कडा सेंटिमीटरभर दुमडल्या की खिशाची उंची १५ राहते. ए-४ कागद मध्ये दुमडला की १४.८ बाय २१ होतो, म्हणजे खिशात उभा राहून सहा सेंटिमीटर वर डोकावतो. शोधायला एवढं डोकावणं हवंच.

आता मुलांचं काम. प्रत्येकाने हाताच्या पंज्याएवढ्या सुती तुकड्यावर आपली खूण काढायची. विषय द्या : ‘शाळेच्या वाटेवरची एक गोष्ट’. नुसतं ‘तुमचं आवडतं चित्र’ म्हटलं की वीस फुलं आणि अकरा क्रिकेटच्या बॅटी येतात. वाट म्हटली की सगळं वेगवेगळं येतं : बेस्टची बस, डबेवाल्याची सायकल, स्टेशनचं इंडिकेटर, शहाळ्यांचा ढीग, चाळीचा जिना, पिंपळाखालचा मारुती, कोळणीची टोपली. दोन मुलांनी एकच गोष्ट निवडली तर निवडू द्या, काढताना ती वेगळी होतेच. खूण मोठी आणि जाड रेषेची असावी, वर्गाच्या दारातून ओळखू आली पाहिजे. हजेरीपटावरचा क्रमांक कोपऱ्यात छोटा लिहायचा, तो बाईंसाठी.

तुकडा खिशाला शिवायचा तो साध्या धावदोऱ्याने, गोधडीला घालतात तसा. पाचवीच्या पुढची मुलं हे सहज करतात, घरी आजी असेल तर तिसरीचीही. आणि इथे क्रम चुकवू नका : तुकडे आधी पट्टीवर शिवायचे, पट्टी पाठीवर नंतर. उलट केलंत तर सुई दोन्ही कापडांतून जाते आणि खिसा बंद होतो. दोन बाक जोडून त्यांवर एक पट्टी पसरली की आठ मुलं एका वेळी बसतात. सुया मोजून द्या, मोजून घ्या आणि मोजणीचं काम एकाच मुलाला नेमून द्या. सुई हरवली तर मधली सुट्टी पुढे ढकलावी लागली तरी चालेल, पण ती शोधायचीच.

पट्ट्या पाठीवर शिवायला मशीन लागतं. घरी शिवणकाम करणारी एखादी पालक वर्गात बहुधा असतेच. तिला मजुरी द्या, फुकट मागू नका. तिला सांगायचं ते इतकंच : पाठीच्या वरच्या टोकाला ८ आणि खालच्या टोकाला ६ सेंटिमीटरची नळी, वरच्या नळीखाली ८ सेंटिमीटर मोकळे, मग पट्टी, दोन पट्ट्यांत ७ सेंटिमीटर अंतर आणि खडूच्या रेघांवर उभ्या शिवणी. नळ्यांत वायरिंगचा पीव्हीसी पाइप घाला. तीन मीटरचा पाइप मध्ये कापला की दोन्हींचं काम भागतं. लोखंडी सळई आपल्या खाऱ्या हवेत गंजून कापडाला डाग पाडते. पाइप पोकळ असल्यामुळे वरच्यातून सुतळी आरपार ओवून पट दोन खिळ्यांना टांगता येतो, भोकं पाडायची गरज नाही.

वापराचा नियम एकच : खिशात फक्त कागद. पेन्सिल, गोळीचं वेष्टण, राखी यातलं काही एकदा आत गेलं की आठवड्याभरात खिशांची कचराकुंडी होते. शुक्रवारी शेवटच्या तासाला खिसे रिकामे, घरी न्यायचं ते दप्तरात, बाकीचं रद्दीत. रोज पट लावायला दोन मुलं आणि उतरवायला दोन. वर्गात चाळीसपेक्षा जास्त मुलं असतील तर शेजाऱ्यांना खिसा वाटून द्या. दुसरी चादर शिवत बसू नका, भिंत पुरणार नाही.

महिन्याचं पान

मराठी घरात कालनिर्णयवर काय काय लिहिलेलं असतं ते मुलांना विचारा. दुधाचे खाडे, गॅस कधी लावला, कामवाल्या मावशींची सुट्टी, कोणाचं बारसं. १९७३पासून निघणाऱ्या या दिनदर्शिकेने तारखेच्या चौकोनात टिपून ठेवायची सवय घरोघरी लावली. वर्गाला तीच सवय लावायची आहे, फक्त चौकोन मोठे हवेत.

बाजारात मिळणारा कार्डपेपर सुमारे ५६ बाय ७१ सेंटिमीटरचा असतो. त्यातून ११ सेंटिमीटर बाजूची तीस कार्डं निघतात. एकतिसावं कार्ड आणि जास्तीची एक-दोन वेगळ्या कागदातून कापा. एक ते एकतीस आकडे मुलांनी ठळक अक्षरांत रंगवायचे, अक्षरलेखनाचा तास यातच होतो. आकडा कोपऱ्यात, मधली जागा कोरी. भिंतीच्या मीटरभर पट्ट्यात सहा सुतळ्या आडव्या बांधा आणि कपड्यांच्या चिमट्यांनी कार्डं लावा. महिना बदलला की कार्डं तीच राहतात, फक्त सरकतात. ते सरकवण्याचं काम दर महिन्याला वेगळ्या रांगेकडे. दुपारच्या वर्गशिक्षिकेशी आधी बोलून घ्या. बहुधा त्यांनाही तेच पान वापरायचं असतं, मग सुतळीची वरची बाजू सकाळची, खालची दुपारची.

नुसत्या तारखा टांगून मुलं शिस्तीत येत नाहीत. इथे तीन खुणा लागतात : बी, रोप आणि फळ. पुठ्ठ्याच्या छोट्या चिठ्ठ्यांवर मुलं ही तीन चित्रं काढतात, प्रत्येक कामासाठी एक संच. भूगोलाचा नकाशा वीस तारखेला द्यायचा असेल तर विसावर फळ लागतं. मग वर्गाला विचारायचं, सुरुवात कधी? तेरावर बी. अर्धं काम कधी झालेलं हवं? सतरावर रोप. फळापासून मागे मोजत यायचं हे मुलांना एकदा कळलं, की आदल्या रात्रीची रडारड कमी होते. पालकांनाही कळतं, कारण मूल घरी जाऊन सांगतं, ‘आज आमचं रोप आहे.’

लगद्याच्या बाकपेट्या : ऑक्टोबरची वाट बघा

खोडरबर, शार्पनर, पट्टी, कात्री या सामायिक वस्तूंसाठी दोन बाकांत एक पेटी ठेवली की ‘बाई, ह्याने माझं घेतलं’ निम्म्याने थांबतं. पेटी कागदाच्या लगद्याची करा. पण जुलैत अजिबात नको. मुंबईच्या पावसात लगदा वाळत नाही, आंबतो आणि वर्गभर वास सुटतो. सहामाही परीक्षा आटोपल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात करा.

रद्दीचे बोटभर तुकडे फाडून रात्रभर भिजत घाला. दुसऱ्या दिवशी पाणी पिळून हातांनी कुस्करा, मुलांना हे काम सर्वांत प्रिय. किलोभर कोरड्या कागदाला मी शंभर ग्रॅम मेथी घालते, रात्री भिजवून वाटलेली. मेथीने लगदा चिकट होतो आणि कीड लागत नाही. गावाकडच्या बायका लगद्याच्या टोपल्यांत ती घालत आल्या आहेत. खळीत मोरचूद टाकायची जुनी पद्धत मात्र वर्गात आणू नका, ते विष आहे.

स्टीलचा चपटा डबा पालथा घालून त्यावर प्लास्टिकची पिशवी ताणा आणि वरून अर्धा सेंटिमीटर जाडीचा थर थापा. कोपऱ्यांवर थर पातळ होतो, तिथे पुन्हा एक हात फिरवा. एक ऊन खाल्लं की डबा अलगद काढून घ्या आणि आतली बाजू वर करून आणखी दोन-तीन उन्हं द्या. खडखडीत वाळल्यावर गेरूत फेविकॉल आणि पाणी मिसळून दोन हात द्या, वर पांढऱ्याने वारली चित्रं. मुंबईच्या शेजारच्या पालघर जिल्ह्यातली ही कला त्रिकोण, वर्तुळ आणि चौकोनातून उभी राहते, त्यामुळे ‘मला येत नाही’ म्हणणारी मुलंही हात चालवतात. जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं दाखवा. वारलीला भिंतीवरून कागदावर आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता आणि २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पेटीच्या एका बाजूला आत काय आहे त्याचं चित्र काढायचंच : दोन पट्ट्या, दोन कात्र्या, चार खोडरबर. तास संपताना चित्राशी मोजणी ताडून बघायची.

सामान आणि बाकीचं

कार्डपेपर, घोटीव कागद, चिमटे घाऊक हवे असतील तर क्रॉफर्ड मार्केटजवळचा अब्दुल रेहमान स्ट्रीट. दोन-तीन शाळांनी मिळून गेलात तर भाव पडतो, आणि शनिवारी दुपारी जाऊ नका, चालता येत नाही. कापडाच्या चिंध्या नाक्यावरचा शिंपी देतो. थर्माकोल सुचवणारे पालक दरवर्षी भेटतात. महाराष्ट्रात २०१८पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, हे सांगितलं की विषय संपतो.

आज कोणाचं कोणतं काम ते बाणाने दाखवणारं फिरतं चक्र सगळ्यांनाच माहीत आहे. करायचं तर करा, पण पिनेवर फिरणारा पुठ्ठा महिन्यात सैल होतो आणि चलाख मुलं बाण हवा तिथे थांबवतात. नावांच्या चिठ्ठ्या सुतळीवर सरकवणं बरं.

यातले दोन प्रकल्प पहिल्या सत्रात पुरेत. सगळे एकदम काढले की आवरण्याच्या साधनांचाच पसारा होतो.

गुण देताना चित्राला द्या, ठशाच्या सफाईला द्या, धावदोऱ्याला द्या. खिसा नीट ठेवला म्हणून गुण द्यायला लागलात की मुलं कागद घरी फेकून खिसा रिकामा दाखवतात. एखाद्याचा खिसा सतत कोंबलेला दिसला तर आधी खिशाची जागा बघा. सर्वांत वरच्या ओळीत बुटक्या मुलाचा हात पोहोचत नाही, आणि धावदोरा उसवून तुकडा खालच्या ओळीत हलवायला पाच मिनिटं लागतात. त्यासाठीच टाके सैल घालायला सांगायचं. निकालाच्या दिवशी तुकडा उसवून ज्याचा त्याला द्या, चादर धुऊन खडखडीत वाळवा आणि कडुलिंबाच्या सुक्या पाल्यासह पाइपावर गुंडाळून कपाटात ठेवा. डांबराच्या गोळ्या नकोत, जूनमध्ये मुलांचे हात त्याच खिशांत जाणार आहेत.